सुभेदारांनी दाखवलेली शाळा

तुम्हाला सांगते, फौजी माणसाशी लग्न करावं, पण त्याला रिटायर होऊ देऊ नये. नोकरीत असतो तोवर त्याचा जाच पलटणीला असतो. घरी बसला की तो सगळा जाच एकट्या बायकोच्या वाट्याला येतो. आमचे हे, सुभेदार हिंदुराव, पेन्शनीत आले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे ओळीत लावून मोकळे झाले. हळद कुठे, मोहरी कुठे, मला काही सापडेना. मी म्हटलं, "अहो, ही काय पलटण आहे?" तर म्हणाले, "पलटण असती तर तुला पाठीवर भरलेली पिट्टू पिशवी देऊन मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या." असा हा माणूस.

आम्ही मूळचे खटाव तालुक्यातले. ह्यांचं शेवटचं पोस्टिंग जयपूरला. पोरगी अनुश्री इथेच शिकली आणि इथेच एका कंपनीत लागली. जयपुरातच, सोडाल्यात मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते, रविवारी येते आणि जेवून जाते. गावाकडे भावाभावांत बांधाची कोर्टकचेरी चाललेली. ती तोंडं रोज बघण्यापेक्षा इथेच राहू म्हणून ह्यांनी चाकसूच्या अलीकडे, टोंक रोडला लागून, घर बांधलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? आयुष्यभर जिथे ट्रंक उतरवली तिथेच संसार केला.

ह्यांना इथे सगळे 'फौजीजी' म्हणतात. उंची बेताची, पण पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकलेली मी कधी पाहिली नाही. वाकडी वस्तू दिसली की हात गेलाच. लग्नाला गेलो तर मांडवाबाहेर लोकांच्या चपला ओळीत लावतील. आणि दुसरी खोड म्हणजे मागणं नाही. कुणाच्या घरी पानावर बसले तर दुसरी भाकरी मागणार नाहीत, उपाशी उठतील. मागे एकदा मुतखड्यानं कळवळत होते, घामानं बनियन भिजलेलं, मी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "दर्द है?" हे टाचा जुळवून म्हणाले, "नहीं साब." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ह्यांना काही विचारू नका, सुई टोचा." तेव्हा मी हसले होते. फौजेत वरचा साहेब विचारतो, काही तक्रार? आणि सगळी पलटण एका आवाजात सांगते, नाही साहेब. इतकी वर्षं तेच सांगितलं की जिभेला दुसरं काही वळत नाही.

आमच्या घरामागे एक ढाणी आहे. ढाणी म्हणजे वस्ती, शेतात विखुरलेली पाचपंचवीस घरं. तिथे सरकारी शाळा होती, आठवीपर्यंतची. 'होती' म्हणते आहे ते लक्षात घ्या. ह्यांचं आणि शाळेचं जमलं ते भांडणातून. शाळेची घंटा कधी दहाला व्हायची, कधी साडेदहाला, कधी व्हायचीच नाही. ह्यांना ते सहन होईना. एक दिवस तावातावानं गेले जाब विचारायला. मुख्याध्यापिका विमलेश मीणा, दौशाकडची बाई, तेव्हा एका हातानं पोषण आहाराचं दूध ढवळत होती आणि तोंडानं पाचवीला पाढे सांगत होती. आठ वर्ग आणि मास्तर दोन. त्यातला एक कायम मतदार याद्यांच्या नाहीतर जनगणनेच्या कामाला. ती म्हणाली, "घंटी बजाने वाला कोई नहीं है, फौजीजी. आप बजा दोगे?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून हे घंटा वाजवायला लागले. मग प्रार्थनेच्या रांगा आल्या, मग पीटी, मग नखं तपासणं. पोरं आधी घाबरली, मग मागे लागली. बाईंनी ह्यांना शाळेच्या समितीवर घेतलं. घरी माझे डबे सुटले, म्हणून मीही देवाचे आभार मानले.

त्या पोरांत एक होती संतरा. कजोडी नावाच्या बाईची थोरली मुलगी, सातवीत. काटकुळी, केस तांबूस, पण पळायला लागली की बघत राहावं. हे शिट्टी घेऊन शेताच्या कडेनं तिला पळवायचे आणि घरी येऊन माझ्यापुढे तिच्याच गोष्टी. "हिला मी पोलिसात भरती करणार बघ. दहावी झाली की झालंच." संतराचा बाप म्हणायचा, सातवी झाली की पुरे, पुढे सासरी काय करायचंय शिकून. हे त्याला समजवायला जायचे. कधी चिडून, कधी विडी पाजून. शेवटी बाप म्हणाला, "शाळा दारात आहे तोवर जाऊ दे." ह्यांना वाटलं, लढाई जिंकली. पण त्या 'दारात आहे तोवर'कडे कुणी लक्ष दिलं नाही.

शाळेला खोल्या पाच. त्यातल्या दोन पडायला आलेल्या. इकडे अशा खोलीला 'जर्जर' म्हणतात आणि सरकारी माणूस येऊन तिच्या भिंतीवर लाल रंगाची मोठी फुली मारून जातो. फुली मारणं सोपं, दुरुस्तीचे पैसे कोण देणार? पोरं त्या फुलीखालीच बसायची. दोन वर्ग व्हरांड्यात बसायचे, एक खेजडीच्या झाडाखाली. संडासाला दार नव्हतं, म्हणून मोठ्या मुली दुपारी घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत.

त्या वर्षी विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं आणि टीव्हीवर रोज शाळांवरून कुस्ती. विरोधी पक्ष ओरडायचा, शाळांच्या पैशात कटौती, म्हणजे कपात केली. सरकार म्हणायचं, कटौती नाही, कमी मुलांच्या शाळा जवळच्या शाळेत मिळवतो आहोत, मुलांच्याच भल्यासाठी. चाकसूच्या स्टँडवर चहाच्या टपरीत दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावर जायची. मी भाजी घेता घेता ऐकायचे. मेल्यांनो, मागच्या खेपेला खुर्च्या उलट होत्या तेव्हा तुम्ही हेच त्यांना म्हणत होता आणि ते हेच तुम्हाला सांगत होते! भांडण तेच, फक्त बाकं बदलली. ज्याची पोरं त्या शाळेत जातात असा एकही माणूस त्या भांडणात नव्हता.

अशात विरोधी पक्षाच्या एका आमदारानं सभागृहात सांगितलं की चाकसूकडच्या शाळांत पोरं लाल फुलीखाली बसतात. मंत्री म्हणाले, दाखवा. ठरलं की दोन्ही बाजूंचे आमदार आणि अधिकारी मिळून काही शाळा बघायला येणार. त्यात आमची शाळा. जिथे हाल दिसतील तिथे दुरुस्तीला पैसे आणि मास्तर देणार. नाहीतर मुलं कमी म्हणून ती शाळा टोंक रोडच्या पलीकडच्या शाळेत जाणार. पलीकडच्या म्हणजे सहा पदरी रस्ता ओलांडून. ट्रक तिथे गाय बघून थांबत नाहीत, पोरगी बघून काय थांबणार?

विमलेशबाईंना आनंद झाला. पहिल्यांदाच कुणीतरी डोळ्यांनी बघायला येत होतं. त्या आमच्या घरी आल्या, चहा घेतला आणि ह्यांना हात जोडून म्हणाल्या, "फौजीजी, इस बार जैसा है, वैसा ही दिखाना है. मैं बोलूँगी तो कहेंगे, मास्टरनी का रोना है. आपकी सुनेंगे. वर्दीवाले हो आप." तीन गोष्टी सांगायच्या ठरल्या. छत, संडास, मास्तर. मी डाळ निवडत होते आणि हे माझ्यापुढे उभे राहून पाठ करत होते. छत, संडास, मास्तर. मला बरं वाटलं. म्हटलं, आयुष्यात एकदा तरी हा माणूस तोंड उघडून काही मागणार.

पाहणी सोमवारी होती. शनिवारी विमलेशबाई भाचीच्या लग्नाला दौशाला गेल्या. आणि रविवारी सकाळी ह्यांच्या अंगात पलटण संचारली.

तुम्ही फौजेतलं इन्स्पेक्शन पाहिलेलं नसेल, म्हणून सांगते. जनरल येणार म्हटलं की आठवडाभर आधी सगळ्या युनिटचं डोकं ठिकाणावर नसतं. रस्त्याकडेच्या दगडांना गेरू आणि चुना. झाडाची वाळकी पानं शिडी लावून तोडायची. जी गाडी चालत नाही ती ढकलत दूर नेऊन झाडीत लपवायची. एका छावणीत तर वाळलेल्या हिरवळीवर हिरवा रंग मारलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय आणि त्यावरून चालताना माझ्या पांढऱ्या साडीचे काठ हिरवे झाले होते. साहेब येतात, खूश होतात, जातात. खूश झाले की मग युनिटला काहीतरी मिळतं. नवा कॅन्टीन हॉल म्हणा, सुट्टी म्हणा. ह्यांच्या लेखी वरून काही मिळवायची तीच एक रीत. दुःख दाखवून मिळतं, हे ह्यांना कुणी शिकवलंच नाही.

सकाळी सातला हे ढाणीत. घराघरांतून माणसं बाहेर काढली. कुणाकडून चुना, कुणाकडून ब्रश, टेंटवाल्याकडून मांडवात वर ताणतात ते चांदणीचं कापड. दुपारी मी जेवायला बोलवायला गेले तर बघते काय, दोन्ही खोल्यांवरच्या लाल फुल्या पांढऱ्याफेक चुन्याखाली गेलेल्या. भिंतीतल्या भेगा पीओपीनं बुजवलेल्या. छताची पडझड चांदणीखाली झाकलेली, वर झालर. संडासापुढे कुंड्यांची भिंत. संतरा डोक्याला फडकं बांधून गेरू कालवत होती आणि तोंडभर हसत होती. सगळी ढाणी खूश होती. शाळा अशी नटलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "अहो, बाईंनी काय सांगितलं होतं? जसं आहे तसं दाखवायचं ना?"

"ती मास्तरीण आहे, तिला काय कळतं?"

"आणि तुम्हाला काय कळतं शाळेतलं?"

"अगं, साहेब घरी येणार आणि आपण त्यांना फाटकं धोतर दाखवायचं? लाज आहे का नाही? चांगलं दिसलं की साहेब खूश. खूश झाले की देतील. मग सांगू की छताचं."

मी वाद घातला, आवाज चढवला, ढाणीतल्या बाया बघायला लागल्या. शेवटी म्हटलं, मरा. त्या रविवारी अनुश्रीही आली नव्हती, घरी येऊन एकटीनं जेवले. हे संध्याकाळी आले ते चुन्यानं माखलेले, हाताला फोड आलेले. आणि चेहऱ्यावर असा आनंद की रागवायचीही चोरी.

सोमवारी गाड्या आल्या. कॅमेरेवाले आले. ढाणीतल्या बायकांबरोबर मी कुंपणाशी उभी होते. विमलेशबाई बसमधून उतरून धावतपळत आल्या, हाताला अजून लग्नाची मेंदी, आणि फाटकातच थबकल्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पण तोवर आमदार आत शिरले होते. पोरं रांगेत, पांढऱ्या शर्टात. ज्यांच्या पायात काही नव्हतं ती मागच्या रांगेत. संतरानं "सावधान!" अशी आरोळी दिली की अधिकाऱ्यांनीसुद्धा पाय जुळवले.

विरोधी आमदाराचं तोंड उतरलं. "वो क्रॉस वाले कमरे कहाँ हैं?" त्यानं विचारलं. विमलेशबाई पुढे झाल्या, "सर, ये वाला, और ये. चुने के नीचे…" सरकारी पक्षाचा आमदार मोठ्यानं हसला. "मॅडम, ये दीवार तो मेरे घर से अच्छी है." सगळे हसले. बाई पुन्हा बोलायला गेल्या, पण बोलणार काय? आम्हीच झाकलं म्हणून सांगावं, तर नोकरी जायची. त्यांनी छताकडे बोट केलं. कॅमेरेवाल्यानं झालरीचा फोटो काढला.

मग मोठे अधिकारी ह्यांच्याकडे वळले. हे कोट घालून, छातीवर मेडलं लावून रांगेच्या टोकाला उभे. अधिकारी फार अदबीनं म्हणाले, "सूबेदार साहब, आप बताइए. सच-सच. इस स्कूल में कोई कमी है?"

विमलेशबाई ह्यांच्याकडे बघत होत्या. मी कुंपणाची तार घट्ट धरली. छत, संडास, मास्तर. अहो, बोला. एक शब्द तरी बोला. आणि ह्यांच्या टाचा खाडकन जुळल्या, छाती वर आली.

"कोई कमी नहीं, सर!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गाड्या गेल्यावर विमलेशबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकंच म्हणाल्या, "ये आपने क्या किया, फौजीजी?" ह्यांना कळलंच नाही. हे म्हणाले, "मॅडम, आप देखना. साहब लोग खुश होकर गये हैं." मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या रविवारी अनुश्री आली ती फोन पुढे धरूनच. "बाबा, मतलब, तुम्ही सगळीकडे आहात!" विधानसभेत सरकारी पक्षाचा आमदार पाहणीच्या व्हिडिओचा दाखला देऊन देऊन बोलत होता. म्हणत होता, ज्या शाळेला हे जर्जर म्हणतात तिथे पैसा न घालता, लोकांच्या हातानं, स्वर्ग उभा राहिलाय. मग कटौतीनं काय बिघडलं? आणि देशाचा सिपाही खोटं बोलेल का? बाकं बडवली जात होती. दुसऱ्या बाजूचा आमदार उठून म्हणाला, तो म्हातारा विकत घेतलेला आहे. मग तासभर सभागृह ह्यावर भांडलं की सुभेदार हिंदुराव खरा की खोटा. छतावर कुणी एक अक्षर बोललं नाही.

हे फोनकडे बघत होते. तोंडाचा रंग हळूहळू उडाला. "विकत घेतलेला?" एवढंच पुटपुटले. उभ्या नोकरीत ज्यानं कुणाच्या घरचा चहा फुकट घेतला नाही, त्याला. अनुश्री म्हणाली, "बाबा, पण तुम्ही तसं का बोललात? एवढं तर सांगायचं होतं." हे म्हणाले, "साहेबानं विचारलं गं." पोरीला काय समजणार? मला समजलं, आणि समजून माझा संताप आणखी वाढला.

नंतर ह्यांनी फार धडपड केली, ते कबूल केलं पाहिजे. शिक्षण खात्यात गेले, सरकारी आमदाराच्या बंगल्यावर गेले, विरोधी आमदाराच्याही दारात उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा हा माणूस काहीतरी मागत होता. सगळीकडे एकच सांगत, साहेब, मी झाकलं होतं, चुना खरवडून बघा. खात्यातला बाबू म्हणाला, "तब झूठ बोला था, या अब बोल रहे हो?" सरकारी आमदाराच्या माणसानं चहा पाजला आणि म्हणाला, आपकी इतनी इज़्ज़त बनी है, क्यों बिगाड़ते हो. विरोधी आमदार तर बसाही म्हणाला नाही. "उस दिन बोलना था ना." संध्याकाळी हे बसनं परत यायचे आणि बूट न काढता ओट्यावर बसून राहायचे. मी बोलायचे नाही. बोलले असते तर आणखी काहीतरी जळजळीत तोंडातून गेलं असतं.

उन्हाळ्यात हुकूम आला. मुलं कमी, मास्तर कमी, म्हणून शाळा रस्त्यापलीकडच्या शाळेत मिळवली. आणि इमारत? इमारत उत्तम स्थितीत असल्याचं पाहणीत आढळलं, म्हणून ती दुसऱ्या एका खात्याला गोदामासाठी दिली. ऐका पुन्हा. पैसे द्यायचे नव्हते तेव्हा इमारत उत्तम, शाळा ठेवायची नव्हती तेव्हाही इमारत उत्तम. ज्या दिवशी बाकं ट्रॅक्टरमध्ये भरली त्या दिवशी विमलेशबाई घरी आल्या, माझा हात धरून रडल्या. ह्यांच्याशीही नीट बोलल्या. ती बाई मोठ्या मनाची. मी तिच्या जागी असते तर ह्यांचं तोंड बघितलं नसतं.

आषाढात पाऊस झाला आणि त्या दोन खोल्यांतल्या एकीचं छत गोदामातल्या कपाटांवर आलं. कुणाला लागलं नाही, आत माणूसच नव्हता. पण सरकारी कागद भिजले! मग काय, लगेच गवंडी आले, सळया आल्या, सिमेंट आलं. महिन्याच्या आत नवं छत. मी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता बघत होते. खाली येऊन ह्यांना म्हटलं, "ऐका. पोरं बसायची तेव्हा पैसे नव्हते. फायली बसल्या तर आले. करा आता सॅल्यूट." बोलून गेले खरं. हे जेवता जेवता ताटावरून उठले, हात धुतला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

पलीकडच्या शाळेत ढाणीतली मोठी पोरं जातात, बापाच्या सायकलवर नाहीतर रस्त्याच्या कडेनं. मुलींपैकी जवळजवळ कुणी नाही. रस्ता आहे, पलीकडे ढाबा आहे, ढाब्यावर ट्रकवाले आहेत. कोणता बाप धाडेल?

श्रावणातली गोष्ट. सकाळी कजोडी दारात आली. घुंघट ओढलेला, मागे संतरा. ताठ वेण्या, धुतलेला फ्रॉक. मला वाटलं, काही सणाचं द्यायला आली. ती म्हणाली, "भाभीजी, छोरी घर पे खाली बैठी है. आपके यहाँ रख लो. झाडू-बर्तन सब कर लेगी. आप अच्छे लोग हो, आपके पास रहेगी तो कुछ सीखेगी." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कुठेही नव्हता. तेच तर वाईट.

हे आतून बाहेर आले. पायात चपलाही नाहीत. "नाही," म्हणाले, "ती शाळेत जाणार. मी नेईन. रोज स्कूटरवर नेईन आणि आणीन." कजोडी घाबरून एक पाऊल मागे सरली. घुंघटाच्या आतूनच म्हणाली, "आप तो देवता आदमी हो, फौजीजी. पर जवान होती छोरी, मर्द के पीछे रोज़… लोग बोलेंगे." हे माझ्याकडे वळले. असे डोळे मी ह्यांचे कधी पाहिले नव्हते. "मंजू, तू चल माझ्यासोबत. तू मध्ये बस. मग तर कुणी काही बोलणार नाही?"

माझे गुडघे गेलेत. तरी मी म्हटलं, "चला. येईन मी."

कजोडी अगदी हळू, जसं लहान मुलाला समजवावं, तसं म्हणाली, "मेरे दो और हैं जी, छोटी. उनको भी ले जाओगे? गुलाब की दो हैं. रामधन की तीन. स्कूटर तो एक है, छोरियाँ पूरी ढाणी की हैं."

हे तिथेच उंबऱ्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाची पाठ वाकलेली पाहिली.

तेवढ्यात मागून भांड्यांचा आवाज आला. आम्ही तिघंही बोलण्यात होतो, संतरा कधी आत गेली कळलंच नाही. घरून शिकवून आणलेलं असणार, की चांगलं काम करून दाखव, म्हणजे ठेवतील. सिंकपाशी उभी राहून ती माझी रात्रीची भांडी घासत होती, बाही वर सारून, भराभरा, जशी शेताच्या कडेनं पळायची तशी. माझं डोकं फिरलं. मी धावत गेले, तिच्या हातातलं पातेलं हिसकावून घेतलं आणि ओरडले, "ठेव ते! ठेव म्हणते ना!"

पोरगी भेदरून भिंतीला टेकली. तिच्या कोपरावरून राखेचं पाणी खाली गळत होतं.

कजोडी घाबरून दारातून आत डोकावली. "क्या हुआ भाभीजी? ठीक से नहीं माँजती क्या?" ती हात जोडून म्हणाली. "निकालना मत. मैं सिखा दूँगी."